हार्ड डिस्क जायला लागली की डेटा बाहेर कसा काढायचा

ज्या कॉम्प्युटरची डिस्क बिघडली आहे त्याच कॉम्प्युटरवर हे वाचत असाल, तर आधी तो बंद करा आणि उरलेलं फोनवर वाचा. विंडोज नेहमीसारखं बंद होत असेल तर तसं करा. आतून टक-टक किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल तर मात्र वाट बघू नका, पॉवरचं बटण दाबून धरा.

घाई का, ते सांगतो. डेस्कटॉपच्या नेहमीच्या डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीच्या बाहेरच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जातो. डेटा वाचणारं हेड तिला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून कल्पना करा. हेड एकदा वाकलं की फेऱ्यागणिक ते तबकडी खरवडू शकतं, आणि खरवडून गेलेला भाग डेटा काढून देणारी कुठलीही लॅब परत आणू शकत नाही.

म्हणजे आजारी डिस्कमध्ये थोडी वाचनं शिल्लक असतात आणि किती, ते कुणालाच माहीत नसतं. ती वाचनं कशावर खर्च करायची एवढाच खरा प्रश्न. मी हे चूक करून शिकलो. वर्षांपूर्वी एका ओळखीच्या छापखान्याची डिस्क माझ्याकडे आली होती. दिवाळी अंकाची पानं लावून झाली होती आणि कॉम्प्युटर फाइल उघडताना हँग व्हायचा. मी रात्री चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची सोय, लावली आणि घरी गेलो. सकाळी डिस्क टक-टक करत होती. अर्धा अंक पुन्हा टाइप करावा लागला, आणि तो खर्च माझ्या अंगावर आला तो योग्यच होता.

आधी आजार ओळखा

"डिस्क उडाली" म्हणून येणाऱ्यांपैकी काहींची डिस्क धडधाकट असते. डेस्कटॉपमध्ये डिस्क जोडणारी साटा केबल सैल झालेली असते, एक्स्टर्नल डिस्कची छोटी केबल तुटत आलेली असते, किंवा यूएसबी पोर्ट पुरेशी पॉवर देत नसतो. म्हणून आवाज नसेल तर केबल बदला, पोर्ट बदला, एक्स्टर्नल डिस्क असेल तर डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट लावा, हब मध्ये नको. हे एकदाच करून बघा. दहा वेळा काढ-घाल करणं म्हणजे मोटर दहा वेळा सुरू करणं.

मग कान लावा. ठरावीक तालात टक-टक, म्हणजे हेडला जागा सापडत नाही आणि ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन सुरुवात करतंय. लॅपटॉपच्या लहान डिस्कमधून बारीक बीप-बीप येत असेल तर बहुतेक वेळा हेड तबकडीला चिकटलेलं असतं आणि मोटर फिरायचा निष्फळ प्रयत्न करत असते. डिस्क फिरतच नाही, जळका वास येतो, किंवा एक टेराबाइटची डिस्क शून्य जीबी दाखवते: या सगळ्याला घरगुती इलाज नाही. तुमची डिस्क यात बसत असेल तर पुढची तयारी सोडा आणि लॅबबद्दलचा भाग वाचा.

उरतात त्या आवाज न करणाऱ्या, आकार बरोबर दाखवणाऱ्या, पण रखडणाऱ्या डिस्क. फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात, कॉपी ठरावीक टक्क्याला येऊन थांबते. घरी वाचवता येतात त्या याच.

खात्री करायला डिस्कची स्वतःची तब्येतवही वाचता येते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर ती दाखवतं. डिस्क आजारी आहे त्याच कॉम्प्युटरवर ते इन्स्टॉल करू नका, डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. चार ओळी बघायच्या. क्रमांक ५ म्हणजे खराब निघाल्याने बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. आणि १९९ म्हणजे डेटा डिस्कपासून कॉम्प्युटरपर्यंत येताना झालेली गडबड. ती वाढत असेल तर संशय केबलवर घ्या. हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे सोळाच्या पायात दाखवतं, म्हणजे तिथे १० दिसलं तर ते सोळा असतात. सेटिंगमध्ये दहाचा पाया निवडता येतो.

वर निळ्या रंगात 'गुड' लिहिलेलं असलं म्हणून निर्धास्त होऊ नका. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या स्मार्टमध्ये तापमान सोडता एकही धोक्याची नोंद नव्हती. उलट बाजूही तितकीच बोलकी: तपासणीत पहिली चूक निघाल्यानंतर ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता, चूक न निघालेल्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. थोडक्यात, वही वाईट बोलली तर विश्वास ठेवा, चांगलं बोलली तर ठेवू नका.

हात आवरायचे ते कुठे

चेकडिस्कचं काम फाइल सिस्टमचा, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्या नोंदींचा, हिशेब जुळवणं हे आहे. तुमचा डेटा वाचवणं हे तिचं कामच नाही. ज्या नोंदीचा मेळ लागत नाही ती नोंद ती काढून टाकते आणि तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. शिवाय हे सगळं आजारी डिस्कवरच लिहिते. निरोगी डिस्कवर फाइल सिस्टम बिघडली असेल तर ठीक, बॅड सेक्टर असलेल्या डिस्कवर ती घातक आहे. काही वेळा विंडोज सुरू होताना आपणहून चेकडिस्क लावतं. ते दिसलं तर लगेच एखादी की दाबून ती टाळा.

"डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा" असा चौकोन आला तर कॅन्सल. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'इनिशिअलाइझ' विचारलं तरी कॅन्सल. डीफ्रॅग नको, अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन नको. आणि नेहमीची चूक म्हणजे रिकव्हरी सॉफ्टवेअर डाउनलोड करून त्याच डिस्कवर इन्स्टॉल करणं. हरवलेल्या फाइलींच्या जागेवरच ते जाऊन बसतं.

फ्रीझरचा उपाय अजून कुणी ना कुणी सुचवतंच. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, तबकडीवरही. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी हवेत तर विचारूच नका. टपली मारणं, झाकण उघडून 'जरा बघणं' हेही तसंच. हेडच्या खालच्या फटीपेक्षा धुळीचा कण कितीतरी मोठा असतो. खालचं हिरवं सर्किट दुसऱ्या तशाच डिस्कचं लावलं की चालतं, हे खूप जुन्या डिस्कबाबत खरं होतं. आता त्या बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच एका डिस्कचे बारकावे साठवलेले असतात, ती चिप हलवल्याशिवाय उपयोग नाही.

घरी की लॅबमध्ये

हा निर्णय सॉफ्टवेअर हातात घेण्याआधी करायचा. स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा डेटा अजिबात मिळाला नाही तर चालेल का? लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसाचे व्हिडिओ, दुकानाची तीन वर्षांची टॅली, यांची दुसरी कॉपी कुठेच नसेल आणि उत्तर 'नाही' असेल, तर रखडणारी डिस्कसुद्धा थेट लॅबला द्या. लॅबकडे हार्डवेअर असतं जे डिस्कला ठरावीक वेळेपेक्षा जास्त झगडू देत नाही, आणि गरज पडली तर हेड बदलायची सोय असते.

लोक उलटं करतात. आधी भाचा, मग गल्लीतलं दुकान, मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं कुणीतरी, आणि तिघांनी मिळून डिस्क दमवल्यावर लॅब. लॅबला विचारायचं ते हे: तपासणीचे पैसे किती, डेटा मिळाला नाही तर काय द्यावं लागेल, डिस्क उघडणार असाल तर आधी फोन करणार का, उघडायला स्वच्छ हवेची खोली तुमच्याकडेच आहे की डिस्क पुढे पाठवता, मिळालेल्या फाइलींची यादी पैसे देण्याआधी दाखवणार का, आणि मूळ डिस्क परत देणार का. उत्तर द्यायला का-कू करणाऱ्याकडे डिस्क ठेवू नका. डिस्क उघडावी लागली तर खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होतो, त्याची मनाची तयारी ठेवा.

तयारी

आड आटायला लागला की आधी मिळेल तेवढं पाणी हंड्यांत भरून घेतात; गाळत बसायला नंतर वेळ असतो. इथेही तेच. आधी पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, दुसऱ्या डिस्कवर काढायची. फाइली शोधणं, दुरुस्ती, काय असेल ते त्या इमेजवर.

लागेल ते असं: आजारी डिस्कपेक्षा मोठी, चांगली, रिकामी डिस्क. १ टेराबाइटची इमेज घ्यायची तर २ टेराबाइटची घ्या, बाहेर काढलेल्या फाइलींनाही जागा लागते. ती एनटीएफएस किंवा लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक पेन ड्राइव्ह, त्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून रूफस हे सॉफ्टवेअर वापरून सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स टाकायचं. विंडोज नको, कारण डिस्क लावताक्षणी ते तिच्यात नाक खुपसतं, ड्राइव्ह उघडायला जातं, इंडेक्स करतं. सिस्टमरेस्क्यू डिस्कला आपणहून हात लावत नाही आणि लागणारी बहुतेक हत्यारं त्यात आधीच असतात.

आजारी डिस्क शक्यतो डेस्कटॉपच्या साटा केबलला थेट जोडा. एक्स्टर्नल डिस्क असेल तर थांबा: काहींच्या बोर्डवर यूएसबीच पक्कं बसवलेलं असतं, साटा नसतोच. काहींचा बोर्ड पासवर्ड दिलेला नसला तरी डेटा कूटबद्ध करतो, त्यामुळे डिस्क डब्यातून बाहेर काढून लावली तर नुसता कचरा दिसतो. त्या डब्यासकटच वापरा.

यूपीएस हवा. इमेजला दिवस लागू शकतात आणि मध्येच लाईट जाऊन डिस्क पुन्हा सुरू व्हावी लागणं आजारी डिस्कला सोसत नाही. डिस्कसमोर साधा टेबल फॅन लावा. आणि दोन्ही डिस्कवर कागद चिकटवा: एकीवर 'आजारी', दुसरीवर 'नवी'. हसू नका. यातली सगळ्यात वाईट चूक उलटी कॉपी करणं ही आहे, आणि ती रात्री अकरानंतर होते.

इमेज काढणं

हत्यार आहे जीएनयू डीडीरेस्क्यू, अँटोनिओ डियाझ डियाझ यांनी लिहिलेलं, फुकट. साधी कॉपी खराब जागेवर अडून बसते. हे मात्र ती जागा टाकून पुढे जातं, सोपं तेवढं आधी उचलतं आणि अवघड जागा शेवटी हळूहळू कुरतडतं. काय झालं, काय राहिलं हे ते मॅपफाइल नावाच्या छोट्या फाइलीत लिहून ठेवतं. सगळी ताकद या मॅपफाइलीत आहे. ती असेल तर काम कधीही थांबवून तिथूनच पुढे नेता येतं, ती नसेल तर पहिल्यापासून.

पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून सिस्टमरेस्क्यू सुरू झाल्यावर आधी lsblk -o NAME,SIZE,MODEL,SERIAL ही कमांड देऊन डिस्कची यादी बघा, मॉडेल आणि सीरियल क्रमांकासकट. डिस्कवरच्या लेबलशी तो क्रमांक ताडून बघा. नुसत्या आकारावर जाऊ नका. फक्त नवी डिस्क माउंट करा, म्हणजे वापरासाठी उघडा, आजारी नाही.

पहिली फेरी: डीडीरेस्क्यू, मग हायफन एन, मग आजारी डिस्कचं नाव, मग नव्या डिस्कवरच्या इमेज फाइलीचा पत्ता, शेवटी मॅपफाइलीचा पत्ता. क्रम हाच: कुठून, कुठे, मॅप. आजारी डिस्कचं नाव अख्ख्या डिस्कचं द्या, पार्टिशनचं, म्हणजे तिच्या एखाद्या भागाचं, नाही. हायफन एन म्हणजे खराब जागा आत्ता कुरतडत बसू नकोस. थेट दुसऱ्या डिस्कवर क्लोन करता येतं, पण मी इमेज फाइलच सांगेन. उलटी कॉपी होण्याचा धोका त्यात कमी.

आता पडद्याकडे बघत बसायचं. सेकंदाला १०० एमबीचा वेग मिळाला तर १ टेराबाइटला पावणेतीन तास लागतात. तोच वेग १ एमबी झाला तर साडेअकरा दिवस. वेग अधूनमधून पडणं ठीक आहे. पण तो केबीवर येऊन तिथेच बसला किंवा शेवटचं यशस्वी वाचन होऊन बराच वेळ झाला, तर कंट्रोल-सी दाबून थांबवा, कॉम्प्युटर बंद करा, डिस्क थंड होऊ द्या आणि तीच कमांड तशीच पुन्हा द्या. हायफन कॅपिटल आर दिलं तर ते शेवटाकडून उलटं वाचतं. मधल्या खड्ड्यापाशी अडलेल्या डिस्कवर हा उपाय मला अनेकदा कामी आला आहे.

मध्येच टक-टक सुरू झाली, तर तिथेच थांबा. मिळालं तेवढं मिळालं. तसंच, डीडीरेस्क्यूव्ह्यू नावाचं सॉफ्टवेअर मॅपफाइल रंगीत चौकटींत दाखवतं. त्यात चांगले-वाईट असे एकसारखे पट्टे दिसले तर अनेक हेडपैकी एक मेलेलं असण्याची शक्यता मोठी. तिथून पुढे घरी काही होणार नाही.

पहिली फेरी संपली की दुसरी: हायफन एनऐवजी हायफन डी आणि हायफन आर३, बाकी सगळं तेच, तीच मॅपफाइल. यात खराब जागांवर तीन प्रयत्न होतात. हाव इथे सुटते. १ टेराबाइटमध्ये ९९.९ टक्के आलं म्हणजे १ जीबी राहिलं, आणि तो १ जीबी बऱ्याचदा रिकाम्या जागेत किंवा कुठल्यातरी सिनेमात असतो. म्हणून तीन प्रयत्नांनंतर आधी इमेज उघडून बघा. हवं ते मिळालं असेल तर डिस्कला आणखी छळायचं कारण नाही.

इमेजमधून फाइली

आजारी डिस्क काढून कपाटात ठेवा. आता घाई संपली.

फाइल सिस्टम धड असेल तर विंडोजमध्ये सेव्हन-झिपसुद्धा इमेज उघडतं आणि फोल्डर दाखवतं. नाही जमलं तर डीएमडीई किंवा टेस्टडिस्क. दोन्ही तुटक्या फाइल सिस्टममधूनही नाव आणि फोल्डरसकट फाइली काढतात. फोटोरेक अगदी शेवटी. ते फाइल सिस्टम बघतच नाही, फाइलीच्या सुरुवातीची खूण ओळखून तुकडा उचलतं. फोटो सुंदर मिळतात, पण नावं जातात. आकड्यांच्या नावाच्या वीस हजार फाइली समोर येतात, त्यांत आयकॉन आणि वेबसाइटची चित्रंही असतात.

टॅलीला म्हणूनच फोटोरेकचा उपयोग नाही. तिथे कंपनीचं आकड्यांच्या नावाचं अख्खं फोल्डर हवं असतं, आतल्या फाइलींच्या नावांसकट. ते मिळालं की आधी त्याची कॉपी करा, मग टॅलीतली दुरुस्ती त्या कॉपीवर चालवा.

छापखाने आणि डीटीपीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. पेजमेकरमधली जुनी कामं युनिकोडमध्ये नसतात, श्रीलिपीसारख्या फाँटच्या स्वतःच्या मांडणीत असतात. फाइल वाचली आणि फाँट गेला, तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणून विंडोजच्या आतलं फाँट्स फोल्डरही बाहेर काढा. बाकीच्यांनी डेस्कटॉप विसरू नका. तो सी ड्राइव्हवर यूझरच्या फोल्डरमध्ये असतो, आणि "माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे" म्हणणाऱ्यांचं निम्मं तिथेच सापडतं.

सगळं कूटबद्ध दिसलं तर तो बहुधा बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये तो मालकाला पत्ता न लागता चालू झालेला असतो. ४८ आकडी रिकव्हरी की लागते. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून बघा, बऱ्याचदा तिथे असते. तिच्याशिवाय इमेज निरुपयोगी, लॅबसुद्धा हीच की मागेल.

कुठल्या फाइलींत भोकं पडली हे शोधायची एक युक्ती आहे. इमेजची कॉपी करा. डीडीरेस्क्यूच्या फिल मोडने त्या कॉपीत फक्त खराब जागांवर एखादा वेगळा शब्द भरा, मी 'गेलेलासेक्टर' भरतो. मग बाहेर काढलेल्या सगळ्या फाइलींत तो शब्द शोधा. ज्यात सापडेल ती फाइल जखमी. व्हिडिओ असेल तर एखादा झटका देऊन पुढे चालतो, फोटो खालून करडा होतो. नव्या एक्सेल फाइली आतून झिप असल्याने एका सेक्टरनेही रुसतात. त्यांच्यासाठी त्याच नावाची जुनी कॉपी ईमेलमध्ये शोधा.

एसएसडीबद्दल, म्हणजे तबकड्यांऐवजी चिप असलेल्या डिस्कबद्दल, थोडक्यात. ती आवाज करत नाही, अनेकदा सूचना न देताच डिटेक्ट व्हायची थांबते. डिलीट केलेल्या फाइलींची जागा आपणहून मोकळी करणाऱ्या ट्रिममुळे डिलीट केलेलं बहुतेक वेळा परत येत नाही. रखडत का होईना वाचली जात असेल तर वरचीच पद्धत, फक्त लवकर.

जुन्या डिस्कचं काय

फाइली नुसत्या यादीत दिसतात म्हणून आजारी डिस्क टाकून देऊ नका. फोटो उघडा, टॅलीत शेवटची शिल्लक जुळते का बघा, अंकाचं एखादं पान छापून बघा. दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर झाली की मगच तिला निरोप. वॉरंटी शिल्लक असेल तर डिस्क बदलून मिळते, डेटा मिळत नाही. आणि कंपनीकडे जाणाऱ्या डिस्कमध्ये तुमचा पॅन, आधार, बँकेचे कागद असतात. मेलेली डिस्क भंगारात देतानाही तेच. कॉम्प्युटरला ती दिसत नाही म्हणून आतलं पुसलं जात नाही. झाकण उघडून तबकड्यांना भोकं पाडा. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बऱ्याचदा काचेच्या असतात, तेव्हा चष्मा घाला. आतली दोन चुंबकं काढून घ्या, फ्रिजवर वर्षानुवर्षं टिकतात. फक्त ती एकमेकांजवळ नेताना मध्ये बोट येऊ देऊ नका.